इथं दहा जण लागतात

बाईंचं बोट वर गेलं की आम्ही गप्प व्हायचो. वर्गात पोरं व्हायची, शिक्षकांच्या खोलीत आम्ही व्हायचो, आणि त्या निवृत्त झाल्यावर नालवाडीतल्या त्यांच्या घरी दर शुक्रवारी व्हायचो.

मी शाळेत मराठी शिकवायचो, त्या गणित. बाई बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीपायी वर्ध्याला आल्या आणि आमच्यापेक्षा ठसक्यात वऱ्हाडी बोलायला लागल्या. नवरा गेल्यावरही इथंच राहिल्या. पुढं पुतण्या बदली होऊन इथल्याच स्टेशनावर आला आणि बाईंना दोन विद्यार्थी मिळाले, त्याची मुलगी रिबका आणि तिचा धाकटा भाऊ दानियल. शुक्रवारी दिवेलागणीला शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा पवित्र दिवस, सुरू होतो. त्याची प्रार्थना मुलांना यावी, सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिरात, चारचौघांत उभं राहून म्हणता यावी, हा बाईंचा हट्ट. पण आमच्या भागात सिनेगॉग कुठला?

मग सिनेगॉग आम्ही झालो. मी, माझी बायको आणि तहसील कचेरीतून निवृत्त झालेले शेजारचे कडूबाबू.

"मुलाईले सवय पाह्यजे ना सर, समोर माणसं असल्याची," बाई म्हणाल्या आणि आम्हाला सोफ्यावर बसवलं. मुलांनी म्हणायचं, आम्ही ठरल्या जागी 'आमेन' म्हणायचं. कडूबाबू दर वेळी आधीच म्हणायचे. प्रार्थनेनंतर भिजवलेल्या मनुकांचं सरबत मिळायचं आणि त्यांचा सगळा जीव त्या पेल्यात.

"कडूबाबू, गाडी सुटून नाई राह्यली!" बाई डाफरायच्या.

"चुकलं बाई," म्हणून कडूबाबू पुढच्या वेळी पुन्हा तेच करायचे.

एका जागी मात्र बाईंचं बोट वर जायचं. "थांबा. इथं दहा जण लागतात." तिथं मुलं थांबायची, आम्ही थांबायचो. पंख्याचा आवाज तेवढा यायचा. बाई डोळे मिटून उभ्या असायच्या. मग बोट खाली यायचं आणि मुलं पुढचं म्हणायला लागायची.

त्या जागी कद्दिश नावाचं देवाचं स्तवन येतं. गेलेल्या माणसासाठीही तेच म्हणतात. ते म्हणायला त्यांच्या धर्माचे दहा मोठे पुरुष एका जागी लागतात. बाईंचा नवरा उन्हाळ्यात अचानक गेला तेव्हा वर्ध्यात दहा कुठून येणार? ख्रिस्ती कब्रस्तानाच्या कोपऱ्यात जागा मिळाली, माती झाली, कद्दिश राहिलं.

मी एकदा विचारलंच, "बाई, आम्ही नाही का चालत?"

"सर, तुम्ही मले सगळ्याले चालता," त्या म्हणाल्या. "याच्याले नाई चालत."

मला राग आला होता. बाईंचा नाही, त्या नियमाचा. तो अजून गेलेला नाही.

मग एका सुट्टीत बाई मुलांना आणि पुतण्याला घेऊन कोकणात, आपल्या माहेरगावच्या सिनेगॉगमध्ये गेल्या. परत आल्यावर तिथली गोष्ट त्यांनीच सांगितली. मुलांनी सगळं सुरेख म्हटलं. बाई वर बायकांच्या सज्जात बसून ऐकत होत्या. कद्दिशची जागा आली, माणसं म्हणू लागली, आणि दानियलनं बोट वर केलं. शेजारच्या म्हाताऱ्याची बाही ओढून म्हणाला, "आजोबा, थांबा ना. इथं थांबाचं राह्यते."

आम्ही खूप हसलो. बाईही हसल्या, पण त्यांचे डोळे भरून आले. "शिकवाचं ते नाई शिकवलं मी. गप बसणं शिकवलं. ह्यांच्या वेळेस राह्यलं ते राह्यलं. माझ्या वेळेस तरी कोणाच्या तोंडी असाले पाह्यजे."

त्या आठवड्यापासून त्यांनी दानियलला कद्दिश शिकवायला घेतलं. एकेक शब्द, गणिताच्या पाढ्यांसारखा घोकून घेतला. त्यांची तब्येत उतरत होती, पायांवर सूज होती, तरी सोडलं नाही. पाठ झाल्यावर दानियलनं विचारलं, "आता म्हणू का आजी?"

"येते ना तुले? बस. म्हणाचं दहा जण असल्यावर."

बाई एका शुक्रवारी पहाटे गेल्या. शब्बाथच्या आत, म्हणजे सूर्य बुडायच्या आत माती व्हायला हवी. मुंबईचे नातेवाईक निघतो म्हणाले, पण गाडी शनिवारी पोचणार. पुतण्यानं फोनवर विचारलं, दहा जण व्हिडिओवर उभे राहिले तर? तिकडच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, नाही. एका जागी हवेत.

कब्रस्तानात बाईंचे विद्यार्थी मावत नव्हते. कोणी हिंगणघाटहून आलेले, कोणी कचेरीतून तसेच उठून आलेले. एवढी माणसं, आणि त्या दहांत धरायला एकटा पुतण्या. दानियलला तेरा वर्षं पूर्ण नव्हती, त्याआधी मोठ्या पुरुषांत धरत नाहीत. मी त्या गर्दीकडे पाहत होतो आणि आतून पेटत होतो.

पुतण्यानं प्रार्थना म्हटली. दानियल त्याच्या बाजूला डोक्यावर टोपी घालून उभा होता. ती जागा आली. पुतण्या अडखळला, पोराकडे बघायला लागला. दानियलला सगळं येत होतं. त्यानं तोंड उघडलं. मग त्यानं बोट वर केलं.

वर्गातली सवय कुठं जाते? सगळे गप्प झाले. केस पांढरे झालेली माणसं हात बांधून उभी राहिली. कशासाठी थांबायचं, हे त्यांतल्या बहुतेकांना माहीत नव्हतं. मी मनातल्या मनात कद्दिश आठवायचा प्रयत्न केला. एक शब्द आठवला नाही, कारण बाईंनी ते आमच्यासमोर कधी म्हटलंच नव्हतं.

पोराचं बोट वरच होतं. तेवढ्यात माझ्या बाजूला उभे असलेले कडूबाबू म्हणाले, "आमेन."

नेहमीसारखं आधीच. त्यांच्या लक्षात आलं आणि आता डाफरतील म्हणून ते बाईंकडे बघत राहिले.