इमामपूरच्या घाटातली उजळणी

सकाळी सातची एसटी सोनईहून सुटली, की सुकन्याची शाळा खिडकीबाहेर भरायची. बीडीएस झालेली ही शेतकऱ्याची पोर नगरच्या एका दवाखान्यात लोकांचे दात काढायची आणि एमडीएसच्या प्रवेशपरीक्षेची उजळणी बसमध्ये करायची. दोनदा थोडक्यात हुकलं होतं. ही तिसरी खेप शेवटची, असं तिने घरी कबूल करून टाकलं होतं.

तिची पद्धत मोठी अजब. वाटेतल्या एकेका ठिकाणी मनाने एकेक धडा ठेवून द्यायचा. घोडेगावच्या फाट्यावर तिने दुधाचे दात ठेवले होते, सहाव्या महिन्यापासून ओळीने उगवणारे. पांढरीपुलाच्या हॉटेलांवर चेहऱ्याची नस, पाच फांद्यांची. शेंडी गावाला भुलीची औषधं. डोळे अर्धे मिटले की बाजरीच्या शेतांवरून दाढा तरंगत जायच्या, आणि तिला ते बघत राहावंसं वाटायचं. याला अभ्यास कोण म्हणेल!

अडायचं फक्त इमामपूरच्या घाटात. तिथे तोंडातले पांढरे डाग होते. पुसले जाणारे कोणते, न जाणारे कोणते, आणि शंभरातले किती पुढे कॅन्सरकडे वळतात. पण घाटाच्या वळणांवर तिला हमखास डुलकी लागायची आणि तेवढा आकडा काही केल्या डोक्यात बसायचा नाही. शेवटी तिने कंडक्टर काकासाहेबांना गळ घातली, "काका, घाटात मला उठवत जा."

"व्हय डॉक्टरताई." मग काकासाहेब रोज सीटच्या दांडीवर टकटक करायचे आणि वर परीक्षकाच्या थाटात विचारायचे, "हं, सांगा, पांढरा डाग!" ती झोपेतच बडबडायची. ते तंबाखूचा बार गालात सरकवून ऐकायचे.

परीक्षेला बारा दिवस उरले आणि त्यांनी तिला उठवलंच नाही. डोळे उघडले तर घाट उतरून जेऊर आलेलं. ती चिडली. "काका, अहो, एका मार्कावर माझं वर्ष जातं!"

काकासाहेब शेजारी टेकले. आवाज पार उतरलेला. "ताई, तुमी रोज म्हंता, पुसून जात न्हाई त्यो डाग वाईट. माज्या गालात हाय. म्हैना झाला पुसतोय, जात न्हाई. आज त्ये पुन्हा ऐकायचा धीर न्हाई झाला."

सुकन्याची झोप खाडकन उडाली. तीन महिने हा माणूस तिच्यापुढे तोंड उघडून बोलत होता आणि ती डोळे मिटून बसली होती. तिला स्वतःची लाज वाटली. त्याच दुपारी तिने त्यांना दवाखान्यात नेलं आणि डागाचा तुकडा काढून तपासायला पाठवला.

परीक्षेत तो प्रश्न आलाच. शंभरातले किती? उत्तर आता येत होतं, पण त्या आकड्याला काकासाहेबांच्या मिशा फुटल्या होत्या. "यात ते नकोत," असं पुटपुटत तिने बटण दाबलं.

परीक्षेनंतर चौथ्या दिवशी घाटात पुन्हा टकटक झाली.

"काका, परीक्षा संपली. झोपू द्या आता."

"झोपा की. आदी ह्ये वाचा. इंग्रजीत हाय."

लॅबमधून आणून दोन दिवस खिशात वागवलेलं तपासणीचं पाकीट त्यांनी फोडलंसुद्धा नव्हतं. तिने कागद दोनदा वाचला. स्वतःचा निकाल अजून लागायचाय, हे तिच्या ध्यानातही नव्हतं.

"कॅन्सर नाही, काका. पण तंबाखू आजपासून बंद."

काकासाहेबांनी तंबाखूची पुडी तिच्या हातावर ठेवली, तोंड फिरवलं आणि घंटीची दोरी ओढली. गाडी भर घाटात थांबली. उतरायचं कुणालाच नव्हतं.