आधी हात वर

आमच्या ह्यांना कमी ऐकू येतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त ह्यांनाच मान्य नव्हतं. वीस वर्षं हवाई दलात विमानांच्या इंजिनांपाशी काढली, तिथंच कान गेले. निवृत्तीनंतर साताऱ्याला परतायचं सोडून आम्ही चंडीगडलाच राहिलो, आणि कानांत जे काही उरलंसुरलं होतं ते ह्यांनी गालिचे धुण्याच्या गाडीपायी घालवलं.

गाडी म्हणजे एक जुनी बंद व्हॅन. मागच्या भागात ह्यांनी स्वतः डिझेल इंजिन बसवलं होतं. त्याच्यावर पाण्याचा पंप चालायचा आणि हवा खेचणारा ब्लोअरही. पाणी तापवायला वेगळी सोय नव्हती. सायलेन्सरभोवती तांब्याची नळी गुंडाळली होती, तिच्यातून जाता जाताच पाणी कढत व्हायचं. गाडी रस्त्यावर उभी राहायची आणि दोन लांब पाइप इमारतीत जायचे. बारीक पाइपातून गरम पाणी गालिच्यावर पडायचं, जाड पाइपातून मळकं पाणी परत गाडीतल्या टाकीत यायचं. खाली हे, वर मी. पाइपाच्या टोकाची दांडी गालिच्यावरून ओढत फिरायचं काम माझं.

आवाज इतका की शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी फक्त तोंड हललेलं दिसायचं. मागची दारं सताड उघडी ठेवावी लागायची, नाहीतर इंजिन तापून बंद पडणार. जून महिन्यात त्या दारांसमोर उभं राहणं म्हणजे भट्टीशी गप्पा मारणं. आणि मशिनचे लाड तर विचारू नका. काम संपलं तरी इंजिन लगेच बंद करायचं नाही. दहा मिनिटं हळू चालवून निवू द्यायचं, तेवढ्यात चालत्या ब्लोअरला तेल पाजायचं, नाहीतर आतल्या ओलीनं गंज धरतो. माझ्या बाळंतपणात एवढी काळजी घेतली असती तर मी धन्य झाले असते.

एक नियम मात्र हे देवाच्या मंत्रासारखा पाळायचे. इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यानं एकदा ह्यांचं अर्धं बोट नेलं होतं. तेव्हापासून म्हणायचे, "आवाज बदलला, की पयलं हात वर. बघायचं ते मंग." जाड पाइपात काही अडकलं की मशिनचा आवाज जड व्हायचा आणि झडपेतून शिट्टी फुटायची. ती ह्यांना कानानं नाही, छातीत कळायची. तत्क्षणी दोन्ही हात डोक्यावर, दोन पावलं मागे, आणि मग मान वळवून वर खिडकीत माझ्याकडे बघायचं.

ते दिवस वाईट होते, पंजाबातल्या दहशतवादाचे, बॉम्बस्फोटांचे. बँकांसमोर वाळूच्या पोत्यांच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. बेवारस वस्तूला हात लावू नका म्हणून पोलीस भोंग्यावरून सांगत फिरायचे. मी भाजी आणायला गेले तरी उभ्या स्कूटरपासून लांबून चालायची. आमची गाडी म्हणजे तर संशयाचा पुतळाच: उघडी दारं, टाक्या, वायरी, धडधडणारं इंजिन, आणि त्यातून थेट बँकेत गेलेले पाइप. "अहो, बाजूला एक पाटी तरी रंगवून घ्या," असं मी शंभरदा म्हटलं असेल. हे म्हणायचे, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस." मी भित्री होतेच. त्यात लाजण्यासारखं काय आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या रविवारी सेक्टर सतरामधल्या एका बँकेचं काम होतं. पहिल्या मजल्यावरचा हॉल. बँकेचा म्हातारा सरदारजी गार्ड नेहमी आमच्या गाडीशेजारी स्टूल टाकून बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगायचा. त्याच्या जिवावर आम्ही निर्धास्त असायचो. सकाळी दहालाच ऊन असं की मी स्वतः एक पंचा ओला करून ह्यांच्या डोक्याला आणि तोंडाला गुंडाळून दिला. फक्त डोळे उघडे ठेवले. काळजीच केली होती मी.

गालिच्याच्या शेवटच्या भागावरून दांडी ओढून मी खिडकीशी आले. खाली हे दारांत वाकून ब्लोअरला तेल पाजत होते. स्टूल रिकामं होतं. आणि ह्यांच्या पाठीमागे, पंधरा-वीस पावलांवर, तीन जवान उभे होते. गस्तीवरचे नेहमीचे नव्हते, चेहरे अनोळखी. पुढच्यानं बंदूक ह्यांच्या पाठीवर रोखली होती. त्याचं तोंड उघडलं आणि मिटलं.

तो ओरडत होता. आणि ह्यांना ऐकूच येत नव्हतं.

जवानाच्या बाजूनं काय दिसत होतं ते मला लख्ख दिसलं: तोंड झाकलेला माणूस, हाताशी तेलाचा डबा, दुसरा हात यंत्रात, आणि हाक मारली तरी न वळणारा. मी किंचाळले. एअरकंडिशनरसाठी खिडक्या कायमच्या बंद केलेल्या. काचेवर दोन्ही हातांनी बडवलं, तर मागच्या जवानानं बंदूक वर माझ्याकडे केली. मी खाली बसले. जिना उतरून धावायचं म्हटलं तर वेळ कुठं होता? तोवर पुढच्याचं तोंड दुसऱ्यांदा उघडलेलं मी पाहिलं होतं.

गुडघ्याशी जाड पाइप पडला होता. मी त्याची दांडी उपटून काढली आणि पाइपाच्या उघड्या तोंडावर उजवा तळवा दाबला. पाइपानं तळवा असा गिळला की हाडं आत जातात की काय वाटलं. खालचा आवाज जड झाला. मग शिट्टी फुटली. मी तशीच, पाइप हाताला चिकटलेला, खिडकीच्या कडेनं वर डोकावले.

ह्यांचे दोन्ही हात डोक्यावर होते.

दोन पावलं मागे. मग वळले, आणि जवानाकडे नाही, वर खिडकीकडे बघितलं. डोळ्यांवरून कळत होतं की वैतागलेत, काय अडकवलं हिनं म्हणून. त्यानंतर नजर खाली आली. हात वर होते ते वरच राहिले.

गार्ड चहाची किटली घेऊन कोपऱ्यावरून पळत आला. चहा सांडत, हातवारे करत त्यानं जवानांना समजावलं. मी खाली पोचले तेव्हा जवान इंजिन बंद करायला सांगत होता आणि आमचे हे बंदुकीसमोर म्हणत होते, "बस दस मिनट जी, ठंडा होने दो." मी स्वतःच किल्ली फिरवली.

एकदम शांत झालं. पुढचा जवान माझ्या धाकट्या भावाएवढा असेल. त्याचे ओठ पांढरे पडले होते. तो मला म्हणाला, "माताजी, मैंने दो बार आवाज़ दी थी. तीसरी देने वाला था." मग म्हणाला, "तीन ही देते हैं." ह्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "काय म्हनतोय?"

घरी आल्यावर ह्यांनी माझ्या तळव्यावरची जांभळी गोल खूण पाहिली आणि सगळं विचारून घेतलं. मी सांगितलं, मोठ्यानं, दोनदा. दुसऱ्या दिवशी रंगाचा डबा आणून गाडीच्या दोन्ही बाजूंना पाटी रंगवली, आणि त्यानंतर तोंडाला पंचा कधी बांधला नाही.

पाटीनं माझी भीती गेली नाही. पुढं पाच वर्षं ती गाडी आमच्याकडे होती. प्रत्येक कामात, काही अडकलेलं नसताना, मी मधेच एकदा पाइपावर तळवा दाबायची आणि खिडकीशी जायची. खाली दोन हात वर जायचे, मग मान वळायची. मी हात हलवायची, की हे पुन्हा कामाला लागायचे. एवढ्याशा तेलावरून भांडणारा माणूस, पण मशिनवर फुकटचा ताण का देतेस म्हणून मला त्यांनी एकदाही विचारलं नाही.