लाल झेंडा

सर्फिंगला उतरताना चष्मा काठावर ठेवावा लागतो. मग वाळू, पाणी, आभाळ सगळं एकच राखाडी होतं. परवा लाटेनं मला फळीवरून फेकलं आणि मी किनारा समजून खोल समुद्राकडेच हात मारत राहिले. जीवरक्षकानं ओढून बाहेर काढलं.

"ताई, लाल झेंडा लावलाय, दिसला नाय?"

"नाही. गळ्यात शिट्टी आहे ना? ती का नाही वाजवलीत?"

"झेंडा दिसतो की सगळ्यांना."

या 'सगळ्यां'मध्ये मी कधीच नसते. चष्मा लावूनही बसची पाटी वाचणाऱ्यांत नसते, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचणाऱ्यांतही नसते. तरी सूचना दिलेली असते. मी बुडाले असते, तर झेंडा लावला होता असंच सगळ्यांनी सांगितलं असतं, आणि ते खोटंही नसतं.