कोकणच्या फिक्क्या विहिरी

माझ्यासाठी स्थळ पाहायला निघालेल्या माझ्या वडिलांनी अर्ध्या कोकणातलं पाणी पिऊन पाहिलं आणि सगळं नापास केलं. स्थळ पाहायचं राहिलं बाजूला.

वडील अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. आमचं मूळ गाव पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात. तिथल्या विहिरीचं पाणी असं, की वरणात मीठ टाकायचं विसरलं तरी कोणाच्या लक्षात येत नाही. डाळ मात्र शिजता शिजत नाही आणि साबणाला फेस म्हणून येत नाही. पाहुणा एक घोट घेतो आणि दुसऱ्या घोटाआधी त्याला गावी काहीतरी काम आठवतं. वडिलांना मात्र तेच अमृत. अकोल्यात दारात नळ होता, तरी दर रविवारी सायकलला दुधाची कॅन बांधून ते गावाकडून आठवड्याचं पाणी आणायचे. त्यांचा चहाही त्याच पाण्याचा आणि तोही कोरा, कारण दूध टाकलं की नासायचं. "फिक्कं पानी पिऊन पिऊन तुमच्या तोंडाची चव गेली," असं आम्हा नळवाल्यांना रोज ऐकून घ्यावं लागायचं.

मुलगा आमच्याच गल्लीत खोली घेऊन राहायचा. शाळेत मास्तर होता. मूळचा पार खाली समुद्राकाठचा आणि आमच्यासारखाच, छप्पन साली बौद्ध झालेल्या घरातला. मला तो आवडायचा. बोलायचा नाकातून आणि चालायचा गाळात पाय टाकल्यासारखा, तरी आवडायचा. आईला हे माहीत होतं. वडिलांना माहीत नाही, असं आम्हा दोघींना वाटत होतं. मागणी आली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "घर पाह्यल्याबिगर पोट्टी देत नसतो मी. अन् जिले तिथं राहाचं हाय तिनं बी पाहावं." त्या काळी मुलीला सासर आधी दाखवणारा बाप आमच्याकडे दुसरा नव्हता. मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला आणि पुढे रस्ताभर तो परत घेत गेले.

जीप माझ्या मामाची. मिलिटरीच्या लिलावातली. अमरावतीला तो ती लग्नाच्या भाड्याला फिरवायचा. तिला ब्रेक लावून भागायचं नाही, समजूत घालावी लागायची. पुढे मामा आणि वडील, मागे आई, मी, भाकरी-ठेच्याची टोपली आणि वडिलांची पाण्याची कॅन.

कोकणात उतरताना घाटात जीप तापली. वडील झाडाआड गेले होते. मामानं इकडेतिकडे पाहिलं, कॅन उचलली आणि सगळं पाणी इंजिनाला पाजलं.

वडील परत आले आणि रिकामी कॅन पाहून मटकन दगडावरच बसले. "माहं पानी इंजनले देलं?"

"भाऊजी, इंजन तुमच्याहून लय तापलं होतं."

"मंग आता इंजनलेच जवाई कर!"

तिथून पुढे त्या दोघांचं बोलणं आईमार्फत चालू राहिलं. दोघं शेजारी बसलेले आणि आई मागे, त्यामुळे तिचीच मान दुखली.

घाट संपला आणि रस्ता समुद्राकाठानं निघाला. समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा आई जीपमध्ये ताडकन उभी राहिली आणि तिचं डोकं वरच्या दांडीला आपटलं. "मायबाई! हे त संपूनच नाई राह्यलं!" ती डोकं चोळत म्हणाली. खाली निळंशार पाणी, कडेला माड, लाल मातीचा रस्ता. मामानं गाडी हळू केली. वडिलांनी मात्र समुद्राकडे पाठ केली होती. "अवं, याले सांग, डावीकडं विहीर दिसून राहिली. थांबव म्हना."

मग तेच सुरू झालं. मुख्य रस्ता सोडायचा, बैलगाडीच्या वाटेनं कुठल्यातरी वाडीत शिरायचं आणि विहिरीशी थांबायचं. वडील उतरून इस्त्रीचा शर्ट नीट करायचे. कोणी पाणी देऊ लागलं तर घ्यायचे नाहीत. स्वतः पोहरा सोडायचे, स्वतः ओढायचे, घोट घ्यायचे, डोळे मिटायचे आणि जमलेल्या गावासमोर मोठ्यानं निकाल सांगायचे, "फिक्कं!"

कोकणातल्या माणसाला तुम्ही काहीही म्हणा, पण त्याच्या विहिरीला नावं ठेवू नका. एका गावात एका आजोबांनी आम्हाला आधी शहाळी दिली. वडिलांचा निकाल ऐकून ते इरेला पेटले आणि भर उन्हात आम्हाला डोंगर चढवून आपल्या खास झऱ्यावर घेऊन गेले. वडील प्यायले. "हे त त्याच्याहून फिक्कं." आजोबा खाली आले आणि जीपमधली शहाळी उचलून परत घेऊन गेले.

"काहून थांबता जी हर गावात?" आई वैतागून म्हणाली. "चहासाठी एवढं?"

वडील पुढची विहीर शोधत होते. मला मात्र वाटलं, हे नकाराची तयारी करत आहेत. घरी गेल्यावर सांगायला बरं, की पाणी चांगलं नव्हतं. मला इतका राग आला, की मी त्यांच्या पाठीकडे बघत दात-ओठ खात बसले.

पुढे खाडी आडवी आली. पूल नव्हता. दोन होड्या एकमेकींना बांधून वर फळ्या टाकलेल्या, त्यावर जीप चढवली. मध्यावर एक लाट आली आणि थेट वडिलांच्या तोंडावर बसली. त्यांनी ओठ चाटले. पुन्हा चाटले. चेहरा असा उजळला, की जणू गावाकडचा माणूस भेटला.

"अरे साळ्या!" घाटानंतर पहिल्यांदाच ते मामाशी थेट बोलले. "हे त आपलंच पानी हाय! अन् किती हाय!"

पलीकडे एका निर्मनुष्य वाळूच्या पुळणीवर तीन दगड मांडून वडिलांनी समुद्राच्या पाण्याचा चहा केला. मामानं एक घोट घेतला आणि समुद्राचं समुद्राला परत केलं. आई लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून लाटांत उभी होती आणि प्रत्येक लाटेला "अवं थांब, थांब" म्हणत होती. वडिलांनी हट्टानं दोन कप रिचवले.

त्यामुळे मुलाच्या घरी आम्ही पोहोचलो ते वडिलांशिवाय. जीप अंगणात थांबायच्या आतच ते तांब्या घेऊन माडांमागे पळाले होते.

घरात मुलाची आई एकटीच राहायची. मुलगा आदल्या दिवशीच अकोल्याहून आलेला. "वडील कुठे?" त्यानं विचारलं.

"झाडं पाहून राहिले," आई म्हणाली.

वडील आले, टेकले, पुन्हा गेले. असं तीनदा झाल्यावर मुलाची आई कौतुकानं म्हणाली, की यांना झाडांची भारीच आवड. मुलगा खाली बघून ओठ चावत होता. मला हसू दाबता येईना आणि त्यात रडूही यायला लागलं, कारण ज्या दिवसाची मी इतकी वाट पाहिली तो असा माडांमागे चालला होता.

मागच्या दाराशी त्यांची विहीर होती. दोन हात दोर सोडला की पाणी. जन्मभर डोक्यावर घागरी वाहिलेली माझी आई तिच्या कठड्याशी बसली ती उठेचना. "दारात पानी हाय वं," ती माझ्या कानात म्हणाली. तिच्या बाजूनं लग्न ठरलं होतं.

मिठाची पेज पोटात गेल्यावर संध्याकाळी वडील जरा सावरले. "ही घरची विहीर झाली," ते म्हणाले. "गावची कुठं हाय?"

मुलाच्या आईचा चेहरा पडला. गावची वर देवळाकडे आहे, आम्ही तिकडे जात नाही, आम्हाला हीच पुरते, असं ती हळूच म्हणाली.

वडील उठले. मामा जीपकडे निघाला तसं त्यांनी त्याला थांबवलं. "जीपमंधून उतरल्यावर कोनीबी सायेब म्हन्ते. पायी जातो. चाल, पोट्टे."

चढावर ते माझ्या खांद्यावर भार देऊन चालत होते. तेव्हा त्यांनी सांगितलं. आपल्या गावाकडे त्यांच्या लहानपणी दोन विहिरी होत्या, गोडी गावाची आणि खारी आपल्या वस्तीची. पोरं रडू नयेत म्हणून त्यांची माय सांगे, की गोडं पानी फिक्कं असते, त्यात काही चव नसते. "मोठा झालो तवा पेलो," ते म्हणाले. "खरंच फिक्कं लागलं मले." थोडं चालून म्हणाले, "इतक्या विहिरीवर गेलो, कोनी इचारलं नाई कोन तुमी. जीप होती ना. आता इचारतीन. तू दारातल्या विहिरीतच जनम काढशीन का?"

चहाचा नादच नव्हता तो. मला माझ्या रागाचीच लाज वाटली.

विहिरीवर चार-दोन बायका होत्या. त्यातली सगळ्यात म्हातारी पुढे आली. "कोणाकडचे?"

"खालच्या वाडीतल्या मास्तराकडं आलो," वडील म्हणाले. आवाज चढवला नाही, पाडलाही नाही. "आमी बौद्ध हावो."

म्हातारीनं आपली कळशी उचलून बाजूला ठेवली. जागा करून दिली की विटाळ टाळला, मला कळलं नाही. वडिलांनी पोहरा सोडला. त्यांनी पाणी ओढलं, ओंजळीनं प्यायले, डोळे मिटले. मी मनात म्हणत होते, बाबा, आजच्या दिवस तरी गोड म्हणा.

"फिक्कं!"

"फिका?" म्हातारी किंचाळली. "आमच्या बावीचा पाणी फिका? तोंडाक चव आसा काय तुमच्या?" आणि तिनं त्यांच्या हातातला पोहरा हिसकावला, त्यातलंच पाणी ओंजळीत घेतलं आणि आम्हाला दाखवत घटाघटा प्यायली. आपण काय केलं हे तिच्या लक्षातही आलं नाही. पोहरा पुढच्या बाईकडे गेला. तीही प्यायली, तीही भांडली. सगळ्या मिळून वडिलांना झोडपत होत्या आणि ते "फिक्कंच हाय बाई, काय करू" म्हणत लहान पोरासारखे हसत उभे होते.

घरी आल्या आल्या ते अंगणातूनच म्हणाले, "देली पोट्टी."

आई धावत बाहेर आली. "पानी आवडलं म्हना!"

"ना. पार फिक्कं हाय," वडील म्हणाले आणि ओट्यावर बसून डोळे पुसू लागले. "भांडल्या माह्यासंगं. पान्यावरून भांडल्या. फक्त पान्यावरून."