निळीत बुडवलेलं पातळ

त्या दिवसांची आठवण काढली की आधी एक दोरी दिसते. अंगणातल्या लिंबापासून शेजारच्या भिंतीपर्यंत ताणलेली, आणि तिच्यावर एकच पांढरं पातळ. ऊन त्यातून आरपार येतंय, अंगणभर फिकट निळसर उजेड पडलाय, आणि त्या उजेडात उभी राहून मी स्वतःवर भलतीच खूश आहे. बाकी काही हलत नाही. कोंबड्यासुद्धा नाहीत.

पातळ मोठ्या आईचं, म्हणजे माझ्या थोरल्या काकांच्या बायकोचं. धाड गावाजवळच्या आमच्या खेड्यात बुद्धवंदनेला बायका पांढरं नेसतात. तिच्याकडे त्यासाठी ते एकच होतं. नेसून आलं की त्याच दिवशी धुवायचं, निळीच्या पाण्यातून काढायचं, घडी करून पेटीत. डागाचं पांढरं पेटीत ठेवायचं नाही, हा घरचा कायदा. तो मला तिनेच शिकवला, आणि नीळ जास्त पडली म्हणून तिची बोलणीही मी पोटभर खाल्ली होती.

त्या साली ती तेच पातळ नेसून तालुक्याच्या मोर्चाला गेली. शेतातली मोटर चोरीला गेली म्हणून पोलिसांनी गावातून तिघांना उचललं होतं. आडनावं विचारली. दोघांना चहा पाजून सोडलं, आणि आमच्या वस्तीतल्या मजुराला इतकं मारलं की त्याला खाटेवर घालून आणावं लागलं. मोर्चा त्यासाठी होता. बायका पुढे चालत होत्या. कुठून तरी एक दगड आला आणि लाठ्या सुरू झाल्या.

मोठी आई दुपारी जीपमधून उतरली तेव्हा तिचा उजवा हात फळ्यांत बांधलेला होता. सरकारी दवाखान्याच्या फाटकात पोलीस उभे, म्हणून बायकांनी तिला परस्पर हाडं बसवणाऱ्याकडे नेलं होतं. त्याने हात बांधला, कागद कसला देणार? पातळाच्या पदरावर रक्त होतं आणि पाठीवर चिखलाने उमटलेला अख्खा बूट. ती तापात निजून राहिली. मला काय करावं सुचेना, म्हणून जे येत होतं ते केलं. रक्त गार पाण्यात लगेच सुटलं. बुटाचा ठसा जाईना. त्याला मी साबण लावून लावून घासलं, हाताची सालं निघेपर्यंत. तो गेला तेव्हा वाटलं, तिच्या पाठीवरूनच काढला. मग दोरी, ऊन, तो निळसर उजेड.

पुढे सगळं गाव फोनवर एक व्हिडिओ बघत बसलं. त्यात दगड येतो, बायका पांगतात आणि मोठी आई क्षणभर हात वर करून उभी दिसते. तिने दगड मारला की डोकं वाचवलं, यावर बसस्टँडच्या हॉटेलात चहावर चहा. आमच्या धुऱ्याला धुरा लागून शेत असलेले काका, ज्यांच्या बोरी मी लहानपणी झोडपल्या, ते म्हणाले, “पोलीस बिनाकामाचे काऊन मारतीन?” आमच्याच वस्तीतला एक म्हातारा म्हणाला, “बायायनं पुढं जायलेच नाई पायजे होतं.” मला दोघांचा राग आला. काकांचा जास्त, कारण बोरं गोड होती.

मोठ्या आईवर दगडफेकीचा गुन्हा लागला. ती अंगणवाडीत मदतनीस होती. गुन्ह्यातून नाव निघालं नाही तर ते काम जाणार होतं. चौकशीचे साहेब विहारात येऊन खुर्चीवर बसले. मऊ बोलणारा माणूस.

“हात पळताना पडूनही मोडतो, मावशी. पोलिसांनी मारलं याला काही पुरावा?”

“हाये ना साहेब,” मोठी आई म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं. “पोरी, त्या दिवशीचं पातळ आन. पाठीवर बूट हाये त्याच्या.”

घरापासून विहारापर्यंतची ती वाट मी अजून स्वप्नात चालते. वाट संपत नाही आणि हातातली घडी पिसासारखी हलकी असते. खरोखरीच्या दुपारी मात्र मी पोचले. साहेबांनी घडी उलगडली, उजेडात धरली, उलटी करून पाहिली. मग नीट घडी घालून परत दिली आणि काहीतरी लिहिलं.

मला रडायलाही लाज वाटली. मोठ्या आईने डाव्या हाताने काठ चाचपला आणि हळूच म्हणाली, “चांगलं निघालं व.”

काम गेलं. केस अजून चालू आहे.

तिचं कोपर वाकडं जुळलं. वंदनेत सगळ्या बायकांचे जोडलेले हात कपाळाला लागतात, तिचे छातीशीच थांबतात. मग ती मान खाली नेते आणि कपाळ हातांना टेकवते. नवं पातळ आणते म्हटलं तर नको म्हणते. घरी आली की तेच सोडून माझ्याकडे धुवायला देते, दुसऱ्या कुणाकडे नाही. मी ते पाण्यात घालण्याआधी पाठीची बाजू उलगडून उन्हात धरते. काहीच नसतं. मग बादलीत नीळ टाकते.