दुसऱ्याच्या गावची पायवाट

इंग्लंडमधल्या एका एवढ्याशा खेड्याबद्दल आमच्या शेजारणीच्या वडिलांइतकं जाणणारा माणूस उभ्या अमेरिकेत सापडायचा नाही, आणि त्यांनी इंग्लंड विमानाच्या खिडकीतूनसुद्धा पाहिलेलं नाही. काका नागपूरकडचे, भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. लेकीकडे अमेरिकेत अल्फारेटाला राहायला आले आणि लायब्ररीतल्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत त्यांना त्या गावाच्या इतिहासाची पुस्तिका सापडली, नकाशासकट. तेव्हापासून चर्चची घंटा कोणी ओतली, लोहाराचं आणि पाद्र्याचं कशावरून बिनसलं, हे सगळं ते घरच्या भाऊबंदकीसारखं सांगतात. गणपतीच्या पॉटलकमध्ये, म्हणजे घरोघरून एकेक पदार्थ आणून केलेल्या जेवणात, एका नवख्या मुलीने सहज विचारलं, "काका, तुमचं गाव कोणतं?" तिच्या ताटातले मोदक गार होईपर्यंत तिला तिथल्या गावतळ्याचा वाद ऐकावा लागला. "आजोबा, शी मेन्ट इंडिया," नात म्हणाली. "तिने गाव विचारलं, देश नाही," काका म्हणाले.

मागच्या वर्षी या वेडाला काम मिळालं. त्या गावाची जुनी कागदपत्रं सांभाळणाऱ्या एका वयस्कर बाईंशी काकांच्या ईमेल चालत. बाईंनी कळवलं, की चर्चमागच्या शेताच्या नव्या मालकाने पायवाटेवर कुंपण घातलंय आणि इथे वाट कधी नव्हतीच म्हणतोय. काका आठवडाभर नकाशावर भिंग धरून बसले. मग त्यांनी लिहिलं: ओढ्याला वाट उतरते तिथे दगडी पायऱ्या असणार, झुडपं काढून बघा. काही दिवसांनी व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी काकांकडेच होतो. आधी नुसतं गवत दिसलं, मग शेवाळलेले तीन दगड. काका एवढंच म्हणाले, "चौथी पायरी मातीखाली असेल." होती. कुंपण निघालं.

मी म्हटलं, "काका, आता तुमच्या स्वतःच्या गावाचा इतिहास लिहा की."

"ते धरणात गेलं. बुडीत जमिनीची मोजणी मीच केली. नकाशा ऑफिसात जमा केला, प्रत काही ठेवली नाही."

काकांनी एक पाठकोरा कागद ओढला आणि वेस काढली, मारुतीचं देऊळ काढलं, शाळा काढली. विहिरीशी मात्र पेन्सिल थांबली.

"देवळाच्या पुढे होती, की मागे?" ते स्वतःशीच म्हणाले. त्यांनी कागद बाजूला सारला. "विचारावं असं कोणी राहिलं नाही आता."