न खोडलेली चूक
गिटार संगणकाला जोडायच्या माझ्या इंटरफेसचं बटण खरखर करत होतं, म्हणून तो दुरुस्तीला न्यायला मांडीवर घेऊन मी अमरावतीहून अकोल्याच्या बसमध्ये बसलो होतो. शेजारी साठीचे एक गृहस्थ होते. ते डाव्या हाताच्या बोटांची टोकं अंगठ्याने सारखी चाचपत होते. तारांनी घट्टे पडलेल्या माणसाची ही सवय मी लगेच ओळखतो.

"तुमी बी वाजवता?" त्यांनी विचारलं आणि मोबाइलवर स्वतःच्या गिटारचं रेकॉर्डिंग ऐकवलं. चाल संथ, गोड होती. मध्येच एक सूर घसरला, वाजवणं थांबलं आणि जरा वेळाने पुन्हा सुरू झालं.

चूक ऐकली की माझा जीव खालीवर होतो. "काका, एवढा तुकडा पुन्हा वाजवून जोडता येतो."

"येते ना. पन मी हेडफोन लावून वाजवून राहिलो होतो. बायकोची हाक काही आयकू आली नाही, त तिनं चहा आणला अन् खांद्याले हात लावला. तिथं चुकलो." त्यांनी मोबाइलची काच शर्टाला पुसली. "वायरीतून तारेचाच आवाज जाते, तिचा नाही आला. मागच्या साली गेली ते. आता तिचं तेवढंच हाये मायाजवळ."

मूर्तिजापूरला ते उतरले.

घरी येऊन मी संगणक उघडला. एकाच चालीची माझी तेवीस रेकॉर्डिंग होती. चुकलेली सगळी मी केव्हाच पुसली होती. उरलेल्यांत एकही चूक नव्हती, आणि घरातलं कोणीही नव्हतं.